बॅटरीची सिगारेट आणि ह्यांचा दम

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात जाड नळी दिली आणि म्हणाल्या, "काका, भरपूर श्वास घ्या आणि जोरात फुंका. फुंकत राहा, थांबू नका." ह्यांनी फुंकलं. स्टुलावर बसून मीही मनातल्या मनात फुंकत होते. ह्यांचा लगेच दम संपला आणि खोकल्याची उबळ आली. तीनदा तसंच झालं. ह्या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात, म्हणजे फुप्फुसांचा जोर मोजणं. मशीनमधून आलेला कागद बघून बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला सीओपीडी आहे."

मला वाटलं, टीबीचा भाऊ असेल कोणीतरी, गोळ्या खाऊन जाईल. बाईंनी कागदावर फुप्फुसं काढून दाखवली. "श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद झाल्यात आणि आतले हवेचे बारीक फुगे सैल पडलेत. घेतलेली हवा पूर्ण बाहेर येत नाही. जेवढं गेलं तेवढं गेलं. उरलंय ते सांभाळायचं. सिगारेट आजपासून बंद."

ज्यांच्या घरात सकाळचा खोकला रोजचाच झालाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्हीही दोन वर्षं तो ऐकून घेतला. सिगारेट ओढणारा माणूस खोकणारच, असं धरून चाललो. शहाणपणा नाही केला.

हे म्हणजे माझे मिस्टर, मीरा रोडला एका कंपनीत स्टोअरकीपर. आम्ही मूळचे महाडकडचे. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली आणि तिथेच जवळ इंद्रलोक वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, आम्ही दोघंच उरलो. हे भयंकर बोलके. कंपनीतली एक गोष्ट सांगायला घेतली की चहा गार व्हायचा तरी ती गेटच्या आत शिरायची नाही. दम कमी होत गेला तसं बोलणं आटलं. तीन शब्द, थांबायचं, पुन्हा तीन शब्द. शेवटी नुसत्या हाताच्या खुणा. पाणी दे, टीव्ही लाव, नको.

मला तर त्या खुणांचा राग यायचा. दुपारी भांडी घासताना त्यांच्याच जुन्या गोष्टी मी मनात त्यांच्या आवाजात म्हणून बघायचे. माणूस पलीकडच्या खोलीत बसलेला, आणि मला त्याची आठवण येतेय. कोणाला सांगणार हे?

बाईंनी बंद म्हटलं म्हणून तीस वर्षांची सिगारेट काही बंद होत नाही. हे चार दिवस सोडायचे, पाचव्या दिवशी शर्टाला वास. असे दोन-तीन महिने गेले आणि गणपतीला माझा धाकटा भाऊ दिनेश दुबईहून आला. त्याने पेनासारखी एक पांढरी वस्तू काढली. बॅटरीची सिगारेट. तेव्हा दोन हजारचं दशक संपत आलं होतं, आमच्याकडे असलं काही कोणी पाहिलंही नव्हतं. ओढली की टोकाला लाल दिवा लागायचा. दिनेश म्हणाला, "भावोजी, बिनधास्त ओढा. तिकडे सगळे हीच घेतात. धूर नाही, नुसती वाफ आहे."

वाफ म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. सर्दी झाली की आपण पातेल्यावर टॉवेल घेऊन ओव्याची वाफ घेतो. वाफ छातीला चांगली, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं. सिगारेटसाठी ह्यांना जिन्यात पिटाळणारी मी, ही वस्तू मात्र बेडरूममध्ये बसून ओढू दिली. वर ह्यांची छाती भरली की मी स्वतःच पुढे करायचे, "घ्या जरा वाफ." हसा, मलाही आता हसू येतं. तेव्हा मी मनापासून करत होते.

दिवाळीनंतर एका दुपारी हे स्टेशनबाहेर रिक्षाच्या लाइनीत उभ्या-उभ्या खाली बसले. ओठ निळसर झाले होते. लोकांनीच रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळे दाराकडे लागलेले. मला बघितल्यावर त्यांनी हात हलवला. मी सरळ रडायला लागले.

पाच दिवस ठेवलं. दर काही तासांनी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देतात. बोटाला एक चिमटा, त्यावर रक्तातला ऑक्सिजन दिसतो. त्या आकड्याकडे बघत बसणं एवढंच माझं काम. तो खाली आला की मी नर्सकडे पळायचे. नर्स म्हणाली, "आंटी, हात हिलाया उन्होंने, नंबर इसलिए गिरा. बैठो आप."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सिगारेट चालू होती?" मी लगबगीने बॅटरीच्या सिगारेटचं कौतुक सांगितलं. बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "दोन्ही." कंपनीबाहेरच्या टपरीवर ती आणि घरी ही, असं चाललं होतं.

माझा असा संताप झाला की पेशंट नसते तर बघितलं असतं. बाई मात्र शांतपणे सांगायला लागल्या.

"काकू, सिगारेट जळते. जळली की डांबर तयार होतं, ते फुप्फुसात बसतं. कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो, तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. ह्या बॅटरीच्या सिगारेटमध्ये जळत काही नाही. पण ती पाण्याची वाफही नाही. आत रसायनांचं पातळ मिश्रण असतं, ते गरम होऊन छातीत जातं. त्यात निकोटिन असतं, म्हणजे तंबाखूचं व्यसन लावणारं द्रव्य. डांबर नाही म्हणून ती सिगारेटपेक्षा कमी वाईट असेलही. पण वस्तू नवीन आहे. वर्षानुवर्षं ओढल्यावर काय होतं ते अजून कोणालाच माहीत नाही, मग मी कशी खात्री देऊ? आणि काकांनी एक सोडून दुसरी धरलेली नाही, एकीच्या जोडीला दुसरी घेतली. बाहेर ती, घरात ही. छातीला सुट्टी मिळाली कधी? सुजलेल्या नळ्यांना औषधाशिवाय दुसरं काहीही नको."

घरी आल्यावर ह्यांनी ती पांढरी वस्तू काढून माझ्या हातात दिली. टपरीही सुटली. खरंच सुटली, मी शर्ट हुंगून बघायचे. आणि खरं सांगू? तो वास नाही म्हणून मलाच चुकल्यासारखं व्हायचं. लग्न झाल्यापासून ह्यांचा वास म्हणजे तोच होता.

ह्यांचे हाल तर बघवत नव्हते. संध्याकाळी गॅलरीत घोडबंदरच्या डोंगरांकडे तोंड करून उभे राहायचे, दोन बोटं आपोआप फाकलेली. तलफ काय असते ते तेव्हा मला कळत होतं, असं मला वाटायचं.

पण दम काही सुधारेना. आठवडा बरा जायचा आणि रविवारी दुपारी धाप लागायची. बाईंनी बोलावलं. "घरात धूर कसला होतो? धूप, अगरबत्ती, मच्छरची कॉइल?" मी म्हटलं, काही नाही. "घरात आणखी कोणी तंबाखू घेतं?" "छे, आमच्याकडे कोणी नाही." हे माझ्याकडे बघत होते.

मी खोटं बोलले नव्हते. मनात आलंच नाही. आमच्याकडच्या बायका मशेरी लावतात. आई लावायची, सासूबाई लावायच्या, मीही लग्नाआधीपासून लावायचे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना घासायची. आमच्या हिशेबी तंबाखू म्हणजे पुरुष खातात ती. मशेरी ही दात घासायची वस्तू. दर रविवारी मी आठवड्याची मशेरी भाजून ठेवायचे. समोरच्या जिग्नाबेनला ठसका लागायचा, "भाभी, क्या जलाया?" म्हणून विचारायच्या, म्हणून मी खिडक्या आणि दार लावून घ्यायचे. सगळा धूर घरातच.

बाहेर बाकावर हे हळूच म्हणाले, "तू रविवारी भाजतेस... तेव्हा होतं."

"मग आत का नाही बोललात?"

"तुझी एवढीच... एक चैन. तीपण... काढून घेऊ?"

इतके रविवार हा माणूस माझा धूर गिळत बसला होता. बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर मी पदर तोंडाला लावून रडले. मग नंबर नसताना दार ढकलून आत गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, मशेरीतपण निकोटिनच आहे. भाजणं आज बंद, लावणंही हळूहळू नाही, आजच सोडा. काकांना काय होतं ते आता तुम्हाला कळेल."

कळलं. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, वाटीचा आवाज झाला तरी मी चिडायचे. तोंडात बोट घालून उभी राहायचे, वेड्यासारखी. बाईंनी सांगितलं होतं की तलफ काही मिनिटं टिकते, तेवढी जाऊ द्यायची. आम्ही ठरवलं, ज्याला येईल त्याने "आली" म्हणायचं. मग दुसऱ्याने बडीशेप द्यायची आणि शेजारी बसायचं. कधी कधी दोघांना एकदमच यायची. मग दोघं बडीशेप चघळत भिंतीकडे बघत बसायचो. इतकी वर्षं संसार केला, पण असं शेजारी कधी बसलो नव्हतो.

इन्हेलर रोज चालू आहे, कायमचा राहणार. रविवारची धाप थांबली, तरी गेलेलं परत आलेलं नाही. पण जे राहिलंय त्याबद्दल मी त्या डॉक्टरीणबाईंचे आणि रिक्षाच्या लाइनीतल्या अनोळखी लोकांचे रोज आभार मानते. तुम्हाला एकच सांगते, डॉक्टरांनी घरातलं काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी एकदा स्वयंपाकघरातही डोकावून या.

मागच्या महिन्यात महाडहून वहिनी आली होती. जाताना तिने माझ्या पिशवीत मशेरीची एक पुडी सरकवली. मी नको म्हटलं नाही. बाजारातून येताना पिशवी ह्यांनी घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर पुडी वर आलेली त्यांना दिसली. तिथेच पायरीवर उभे राहून मला फैलावर घेतलं. "मी दोन-दोन सोडल्या आणि तुला एक सोडवत नाही, दवाखान्यात सगळ्यांसमोर एवढी रडलीस ते काय नाटक होतं, आणि वर ह्या वयात माझ्यापासून लपवाछपवी करतेस, लाज नाही वाटत?"

सगळं एका दमात. मध्ये कुठेही थांबले नाहीत. वरून जिग्नाबेनने दार उघडून खाली बघितलं.

मी पुडी त्यांच्या हातातून घेतली नाही. कठड्याला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "आणखी बोला."