घंटेआधीची पाच बोटं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या नेरूळच्या शाळेत पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे. वर्गात कुणी मध्येच उठलं की माझं डोकं फिरतं. तेव्हा पुतळाबाईंबद्दल सांगायचं तर मला आधी स्वतःचाच कान धरायला हवा.

पुतळाबाई आमच्या शाळेतल्या मावशी. सारसोळ्याच्या कोळीणबाई. घरची मासळी सुनेच्या हवाली करून सकाळी सातच्या आत शाळेत हजर. झाडलोट, पाणी आणि घंटा ही त्यांची कामं. घंटा म्हणजे जिन्याखाली टांगलेली पितळेची जाड थाळी आणि एक लाकडी हातोडा. एकतीस वर्षं तो हातोडा त्यांच्याच हातात. बाई दिसायला काटकुळ्या, पण त्यांनी घंटा दिली की शेजारच्या सोसायटीतला वॉचमनसुद्धा घड्याळ लावायचा.

जूनमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गात रुतिका आली. तिला ऑटिझम आहे. तिची आई राजश्री कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे क्लार्क. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, ती फारसं बोलत नाही, पण तिला सगळं कळतं. चार मुलांत राहिली तर शिकेल." मी तोंडाने "बघू या" म्हटलं. मनात म्हटलं, पंचेचाळीस कमी होती म्हणून ही शेहेचाळिसावी!

घंटा झाली की रुतिका कान दाबून किंचाळत सुटायची, ती थेट गच्चीच्या दारापर्यंत. दिवसात आठ घंटा, म्हणजे आठदा माझी वरात तिच्या मागे. मग राजश्रीला फोन, आणि ती बिचारी हातातलं काम टाकून कळंबोलीहून धावत यायची. जुलैत मुख्याध्यापक चांगदेव सरांनी तिला सांगून टाकलं, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघतो. तोवर वर्गात बसायला लागली तर ठीक, नाहीतर दुसरी शाळा शोधा." बाहेर येऊन ती मला म्हणाली, "दोन शाळा सोडून इथे आलोय, बाई. आता कुठे शोधू?"

मी भिंतीवर तक्ता लावला. घंटेला जागेवर बसली की एक चांदणी. आणि काय सांगू, महिन्याभरात पोर बसायला लागली! घंटा व्हायच्या आधीच कानांवर हात, डोळे मिटलेले. घंटा संपली की हात खाली. स्टाफरूममध्ये मी आपलीच पाठ थोपटून घेतली. माझा तक्ता बघायला दोघी शिक्षिका येऊनही गेल्या.

एकच कटकट होती, पुतळाबाई. जेव्हा बघावं तेव्हा वर येऊन माझ्या वर्गाच्या व्हरांड्याकडच्या खिडकीत. एक दिवस मी तडकलेच. "मावशी, खाली कामं नाहीत का? सारखं काय डोकावता? उद्यापासून खिडकीत दिसू नका."

"बरा, बाई," एवढंच म्हणाल्या आणि कठडा धरत खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घंटेला रुतिका पळाली. दुसरीलाही. तिसरीला तिने बाकावर कपाळ आपटून घेतलं आणि जिन्याकडे धावली. मी तिच्यामागे जिन्यात पोचले तेव्हा पुतळाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. तिला हात लावला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही, नुसत्या एक पायरी खाली बसल्या होत्या. हळूहळू रुतिकाचं हुंदके देणं थांबलं. तिला शांत करायला मला एकदाही इतकं लवकर जमलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही खिडकीत करत काय होता?" मी विचारलं.

त्यांनी पंजा वर केला आणि अंगठ्यापासून एकेक बोट मिटत नेलं. "येवराच. मंग खाली जाऊन घंटा द्याची."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोन शिकवनार? माझा माहेर उलव्याच्या बाजूला. गावाला लागून दगडाची खदान. सुरुंग उडवाच्या आदी भोंगा व्हायचा. भोंगा झाला का आय आमाला पोटाशी धरायची. मंग धडाम्! घर हालायचा, पन तान्ही पोरां रडायची नाय. समजायचा ना, का आता होनार. हिला घंटेचा भ्या नाय, बाई. न सांगता येते ना ती, त्याचा भ्या हाय."

 आठ घंटा, आणि प्रत्येकीच्या आधी बावीस पायऱ्या वर, बावीस खाली. गुडघ्याला पट्टा बांधलेली साठीची बाई! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, आणि वर मी त्यांना हाकलूनही दिलं होतं. मी बी.एड. आहे. ऑटिझमचं दोन दिवसांचं ट्रेनिंगही केलंय, चहा-समोशासकट. मी तिथेच त्यांच्या पाया पडले.

"उठा, उठा, पोरां बघतान," त्या लाजल्या. मग डोळे मिचकावून म्हणाल्या, "तुमचा तक्ता पन चांगला हाय हां!"

पुन्हा पंजा सुरू झाला आणि रुतिका पुन्हा बसू लागली. पण पुतळाबाई ऑक्टोबरअखेर रिटायर होणार होत्या, नेमक्या सुट्टी लागायच्या दिवशी. चांगदेव सर म्हणाले, "मावशी जन्मभर पुरणार आहेत का? शेवटच्या घंटेला त्यांना वर पाठवू नका. त्यांच्याशिवाय बसली तर ठेवू." मला असं टेन्शन आलं की आदल्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्या दिवशी साडेबाराला पाच मिनिटं कमी. खाली जिन्याशी पुतळाबाई हार घालून, शाल पांघरून, हातोडा घेऊन उभ्या. भोवती सगळा स्टाफ. निकाल ऐकायला राजश्री गेटाशी आलेली. वर वर्गात रुतिका घड्याळ बघत होती. मग तिने खिडकीकडे बघितलं. खिडकी रिकामी. मी घाईघाईने माझा पंजा वर केला, पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती उठली आणि दाराबाहेर गेली.

संपलं सगळं, मी म्हटलं आणि मागे धावले. पण ती गच्चीकडे वळलीच नव्हती. कठडा धरून एकेक पायरी खाली उतरत होती. गेटाशी राजश्रीचा चेहरा पांढरा पडला. रुतिका गर्दीतून वाट काढत थेट पुतळाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. पंजा वर केला. अंगठ्यापासून एकेक बोट मिटलं, पाचही. मग दोन पावलं मागे सरून तिने कान झाकले आणि वाट बघत थांबली.

पुतळाबाईंनी उगारलेला हातोडा खाली घेतला. "एकतीस वर्सां समद्यांना घंटा दिली मी," त्या म्हणाल्या, "पन मला आदी सांगनारी हीच पयली." आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच त्यांनी शेवटची घंटा दिली, नेहमीसारखी दणदणीत. रुतिका हलली नाही.

अट वर्गात बसायची होती आणि पोर तर वर्ग सोडून आली होती, पण ते सांगायची माझी तरी छाती नव्हती. चांगदेव सरांनी चष्मा काढून पुसला. मग ते गेटाशी गेले आणि राजश्रीला म्हणाले, "सुट्टी संपली की सातला पाठवा हिला. उशीर नको."