दाजींचे मोठे टायर

आमचे दाजी स्वतःच्या गाडीत स्टुलावर पाय देऊन चढायचे. निळं, प्लास्टिकचं स्टूल. वर चढलं की स्टुलाला बांधलेली दोरी ओढून ते आत घ्यायचं, आणि एवढी कसरत उरकल्यावर गॉगल लावून अशा थाटात बाहेर बघायचं, की गोरेगावची सगळी पेठ यांच्याच दर्शनाला खोळंबली आहे. असा एखादा माणूस प्रत्येक गावात असतो म्हणा. आमच्या नशिबी तो जावई म्हणून आला.

गाडी होती पिकअप, आणि ती आली होती अक्काच्या शेळ्यांच्या कमाईवर. अक्का ही माझी थोरली बहीण. आमच्या पुसेगावहून लग्न होऊन गोरेगावला गेली तेव्हा बाबांनी दोन शेळ्या दिल्या होत्या, त्यांचा तिनं कळप केला. गल्लीतल्या बायकाही आपले बोकड तिच्याच भरवशावर बाजाराला धाडायच्या, म्हणून ती जुनी पिकअप घेतली. घरापुढच्या ओट्याला गाडी मागे लावली, मागचा फाळका पाडला, की जनावरं आपल्या पायांनी हौद्यात जायची.

इतकं सुरळीत चाललेलं दाजींना कसं बघवणार? मोबाइलवर त्यांनी कुणाची तरी उंच गाडी पाहिली आणि जेवणावरची वासना उडाली. "गाडीला लुक पाहिजे ना," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एक दिवस पंक्चर काढायला म्हणून हिंगोलीला गेले, ते चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींखाली ठोकळे घालून गाडी वीतभर उचलून आणि तिला ट्रॅक्टरला शोभतील असे टायर बसवूनच परतले. माल भरला की हे पत्र्याला घासतील, असं टायरवाल्यानं बजावलं होतं. दाजी हे आम्हाला हसत सांगायचे. "त्याला काय कळतंय? लेकाचा इंच मोजून राहिला होता!"

आमची आई म्हणाली, नाकापेक्षा मोती जड झाला. त्यावर दाजी म्हणाले की मोती लोकाला दिसला तरी पाहिजे. आईनं हात जोडले.

मग गाडीची सेवा सुरू झाली. सकाळी टायर धुणे, दुपारी पुसणे, संध्याकाळी काळं पॉलिश. पावसाळ्यात चिखल लागू नये म्हणून गाडी डांबरी रस्त्यावर उभी करायचे आणि चपला हातात घेऊन घरापर्यंत पायी यायचे. चिखलासाठी केलेले टायर चिखलापासून जपणारा दुसरा इसम माझ्या पाहण्यात नाही. बरं, दारू नाही, पत्ते नाहीत, अक्कावर कधी आवाज चढवला नाही. एखादं धड व्यसन असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

बकरी ईदच्या आधीचा बाजार होता. बायकांनी वर्षभर लेकरासारखे पोसलेले बोकड अक्काच्या हवाली केले होते आणि सकाळच्या बाजारात उभे करते, असा तिनं शब्द दिला होता. मी मदतीला गेलो होतो. हौदा आता ओट्यापेक्षा उंच, त्यामुळे एकेक बोकड आम्ही दोघांनी उचलून वर ढकलला. दाजी खाली उभे राहून पत्र्याला ओरखडा पडू नये एवढं बघत होते.

निम्म्या वाटेत, पहिल्याच मोठ्या खड्ड्यात, मागून घर्र आवाज आला आणि रबर जळाल्याचा वास सुटला. दाजींनी गाडी थांबवली. स्टूल टाकून उतरले, टायरवरून हात फिरवला, आणि कळवळून म्हणाले, "अर्धी जनावरं उतरवा. टायर सोलून निघून राहिलेत."

बाजार उठून जाईल, असं मी म्हणालो. अक्का बोकडांमध्येच उभी होती. तिनं वाद घातला नाही. फाळका पाडायला लावला आणि अर्धे नाही, सगळेच बोकड खाली घेतले.

"तुमी टायर घेऊन घरी जा," ती म्हणाली. "मी बोकडं घेऊन जाते."

उन्हातून हाकत आम्ही पोचलो तेव्हा बाजार मोडत आला होता. धापा टाकणाऱ्या, पोट खपाटीला गेलेल्या जनावरांना कोण चांगलं म्हणणार? पडत्या भावात द्यावे लागले. संध्याकाळी अक्का घरोघर गेली आणि गाडी बंद पडली म्हणून सांगत सुटली. नवऱ्याचं नाव तिनं निघू दिलं नाही. शेजारीण खात्री करायला अंगणात आली तर दाजी खाटेवरूनच म्हणाले, "व्हय, इंजिन गरम झालं व्हतं." मला इतकी चीड आली की मी न जेवता पुसेगावची जीप धरली.

पुढच्या बाजाराला मी पुन्हा गेलो. अक्का पहाटेपासून दारात उभी होती. उजाडलं, ऊन वर आलं, तरी एकही बाई बोकड घेऊन आली नाही. समोरून दुसऱ्याचा टेम्पो गेला. आमच्याच गल्लीतले बोकड त्यात होते. टेम्पोतल्या बायकांनी अक्काला पाहून माना दुसरीकडे वळवल्या. टेम्पो दिसेनासा झाला तरी ती तिथेच उभी होती, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

दाजी टायर पुसत होते. त्यांनी मान वर करून रिकाम्या हौद्याकडे पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "बरं झालं. आज घासणार न्हाईत."