विहीणबाईंची कोथिंबीरवडी आणि माझा गाल

जेवताना पहिल्या घासाला मी रडतो. चवीचा त्यात दोष नसतो. कानाखाली एक गाठ होती, ती काढली. ऑपरेशन उत्तम झालं. फक्त तेव्हापासून पहिला घास चावला की जबड्यात विजेसारखी कळ येते, अर्धा चेहरा आवळला जातो आणि एक डोळा मिटून गळायला लागतो. दुसऱ्या घासाला कळ साठ टक्के, तिसऱ्याला तीस, पाचव्याला शून्य. (आकडे माझे. डॉक्टर नुसतं "हळूहळू जाईल" म्हणाले.) मध्ये अर्धा तास खंड पडला, की पुन्हा शंभरापासून सुरुवात!

घरात सगळ्यांना सवय झाली. हिने आधी मीठ-तिखट कमी करून पाहिलं, मग जेवताना माझ्याकडे बघणंच सोडलं. अडचण आली ती आमच्या मुलाचं, अनिकेतचं लग्न ठरवताना. त्याने आणि सायलीने आपापसांत जमवलं होतं, दोन्ही घरांनी भेटायचं तेवढं बाकी होतं. सायलीच्या आईचा डोंबिवलीत घरगुती फराळाचा व्यवसाय. त्यांच्या पदार्थाला नाव ठेवणारा माणूस पुन्हा त्यांचा जिना चढत नाही, अशी ख्याती.

"बाबा, पहिल्याच भेटीत ऑपरेशन नको," अनिकेतने बजावलं. "काहीही बोला, फक्त तोंड वाकडं करू नका."

मी हिशोब मांडला. पहिले पाच घास त्यांच्या दारात पोचायच्या आधी उरकायचे, म्हणजे आत शून्यावर खेळता येईल! वर्तकनगरहून निघालो, शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो (ते हिशोबात धरलं होतं) आणि त्यांच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून खारी खायला लागलो. वरून एक गृहस्थ उतरत होते. माझे डोळे पाहून थबकले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?" तोंडात खारी असल्याने मी नुसती मान हलवली. त्यांनी माझा खांदा थोपटला आणि पायातल्या चपलांचाही आवाज न करता निघून गेले.

आत सगळं छान चाललं होतं. पण सायलीच्या वडिलांनी त्यांच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचा विषय काढला. बिल्डर किती चौरस फूट जास्त देतोय, भाडं किती, डिपॉझिट किती! आकडे दिसले की मला राहवत नाही. मी कागद मागून घेतला आणि त्यांना दाखवून दिलं की बिल्डर त्यांना फसवतोय. यात अर्धा तास कधी गेला, कळलं नाही. कळलं ते कोथिंबीरवडी चावल्यावर.

"खवट लागतेय का?" सायलीच्या आईंनी शांतपणे विचारलं.

छे छे, उत्तम आहे, असं मी एक डोळा मिटून सांगितलं. अनिकेतने कपाळाला हात लावला. शेवटी हिने ऑपरेशनची सगळी हकिगत सांगून टाकली. खरं सांगतो, ती मोठ्याने ऐकताना मलाही रचलेली वाटली.

"फक्त पहिल्या घासाला दुखतं? नंतर नाही?" त्या म्हणाल्या. "सोयीचं दुखणं आहे."

तोवर मी आणखी चार वड्या खाऊन हसऱ्या चेहऱ्याने बसलो होतो. त्याने संशय वाढलाच.

सायली वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ती म्हणाली, "आई, आपण टेस्ट करू. दहा मिनिटं काका काही खाणार नाहीत. मग त्यांना काकूंनी आणलेला लाडू द्यायचा. त्यालाही असंच झालं, तर वडीचा दोष नाही."

सगळ्यांना पटलं. दहा मिनिटांत कळ येत नाही, अर्धा तास लागतो, हे फक्त मला ठाऊक. पण वाढीव वेळ मागणं म्हणजे आरोपीने पुढची तारीख मागण्यासारखं! दहा मिनिटं सगळे घड्याळाकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच मी दुखण्यासाठी देवाचा धावा केला.

लाडू चावला. काहीही झालं नाही. उलट लाडू फारच सुरेख होता. समोर अनिकेतचा चेहरा पाहिला आणि मी डोळा मिटला, गाल कानापर्यंत ओढला आणि "आई गं!" म्हणून कण्हलो. (खऱ्या कळेला मी कधी कण्हलेलो नाही.)

सायलीच्या आई स्वतः उठून पाणी घेऊन आल्या. "अहो, खरंच की. घरच्या लाडवालासुद्धा!" त्यांच्या आवाजात काळजी होती, पण समाधान जास्त होतं. पाचच मिनिटांत साखरपुड्याचा विषय निघाला.

परतताना शीळफाट्याला पुन्हा अडकलो. तेव्हा ही म्हणाली, "ऑपरेशन उजव्या कानाखाली झालंय ना?"

"हो."

"लाडवाला डावा गाल ओढलात."

तिथे का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"पोराचं लग्न जमत होतं," ती म्हणाली. "आणि लाडू चांगला झालाय, एवढं मला कळलं."

आता कळ खरोखरच गेल्यात जमा आहे. पण विहीणबाईंनी माझं दुखणं सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगून ठेवलंय. लग्नाच्या पंगतीत मी पहिला घास घेतला की डोंबिवलीचे झाडून सगळे पाहुणे माझ्या तोंडाकडे बघणार! म्हणून रोज दाढी करताना आरशासमोर उजव्या गालाचा सराव चालू आहे. हिच्या मते गाल आता बरोबर ओढला जातोय. फक्त ते दुखल्यासारखं दिसत नाही, वडी आवडली नसावी असंच वाटतं.