वरच्याची झोप

बांधकामावर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. टॉवर क्रेनच्या डोक्याशी काचेची केबिन असते, तिच्यात तो दिवसभर बसे. खाली उभा राहून वॉकीटॉकीवर त्याला दिशा सांगणारा जो सिग्नलमन, तो 'खालचा'. दोघांची जोडी जुनी. इमारती बदलल्या, ठेकेदार बदलले, पण कानातला आवाज तोच राहिला. "थोडं डावीकडे... आण, आण... हळू... बस." खालचा नेहमी म्हणे, "गड्या, सगळं वरच्याच्या हातात असतं, पण वरच्याला दिसत काहीच नाही. सांगावं शेवटी मलाच लागतं." हा विनोद इतका झिजला होता की त्यावर कुणी हसत नसे. तरी तो झाला नाही, तर सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नसे.

क्रेनच्या खांबाच्या पोटातून शिडी जाते. वरचा पहाटे त्या शिडीने चढे आणि अंधार पडताना उतरे. मधल्या वेळात उतरणं म्हणजे खाली सगळ्यांचं काम थांबणं. म्हणून क्रेनवाले पाणी पीतच नाहीत. पोटात पाणी नाही तर खाली जायची गरज नाही, एवढा साधा हिशोब. पण काचेच्या केबिनमध्ये दुपारी डोकं तापतं, खाली दोराच्या टोकाला लोंबणाऱ्या आकड्याकडे बघून बघून डोळे जड होतात, आणि आकड्याला सळयांचा भारा लटकलेला असतो, त्याच्या आसपास माणसं वावरत असतात. एकदा त्याची पापणी क्षणभर मिटली होती. काही झालं नाही. भारा होता तिथेच होता. कुणाला कळलंही नाही. पण त्या दिवसापासून त्याला झोपेचीच भीती बसली. बाकीच्यांना उंचीची भीती वाटते, याला उशीची वाटू लागली.

तेव्हापासून तो एनर्जी ड्रिंक पिऊ लागला. बांधकामावर त्या पेयाला 'करंट' म्हणत. छोटा कॅन, गोड, जरा औषधासारखा. तहान भागत नसे, पण पापण्या उघड्या राहत. खालचा रोज सकाळी जेवणाच्या डब्याबरोबर कॅनची पिशवी आकड्याला अडकवून वर पाठवी. आधी एखाद-दुसरा कॅन असायचा. मग तेवढ्याने भागेना. "आज जरा जास्त टाक रे," वॉकीटॉकीवर आवाज येई. खालचा टाके. त्याच्या लेखी ते इंधन होतं. गाडीला तेल लागतं, माणसाला करंट.

दारूला मात्र वरच्याने जन्मात हात लावला नव्हता. त्याच्या बायकोने त्याला पसंत केलं ते याच एका गोष्टीसाठी. ती पडदे शिवायच्या कारखान्यात होती. तिचे वडील दारूने गेले. शेवटच्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग कसा पिवळा होत गेला, ते तिने रोज जवळून पाहिलं होतं. पुढे कारखान्यात तो रंग कापडात आला की ती तो तागा शेजारणीकडे सरकवून देई आणि कारण सांगत नसे.

अलीकडे वरच्याचं खाणं कमी झालं होतं. अंगाला खाज सुटे. शिडी चढताना मध्येच टेकून उभं राहावं लागे. थकवा आलाय, असं त्याने ठरवलं, आणि थकव्यावरचं औषध तर पिशवीत होतंच.

मग एका दुपारी वारा सुटला. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की केबिनमध्ये भोंगा वाजतो, आणि मग काम बंद. क्रेनचा लांब हात ब्रेक काढून मोकळा सोडतात, म्हणजे तो वाऱ्याबरोबर आपोआप फिरतो, मोडत नाही. वरच्याने हात मोकळा सोडला आणि भर दुपारी शिडी उतरून तो खाली आला. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा कुणी उन्हात पाहिला नव्हता.

खालचा हसत पुढे आला आणि मध्येच थांबला.

"डोळ्यांना काय झालं रे तुझ्या?"

"धूळ गेली असेल."

"धूळ अशी पिवळी नसते, लेका. इकडे बघ. वर बघ. अरे, हळद खेळून आलास का काय?"

कारखान्याच्या सुट्टीचा दिवस होता, घरी दार बायकोने उघडलं. ती त्याला रोज दिव्याच्या उजेडात बघायची, आणि त्यांच्या खोलीतल्या दिव्यात सगळेच पिवळे दिसत. आता त्याच्या मागे आख्खी दुपार उभी होती. तिने त्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, आणि जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"काय करतेस?"

"काही नाही. चला, दवाखान्यात जाऊ."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, दारू? नाही म्हणाला. कुठल्या गोळ्या? नाही. कुणी दिलेला पाला, मुळी, काढा? नाही. खरं सांगा, म्हणाल्या. मुलीची शपथ, म्हणाला. बायको खाली फरशीकडे बघत होती. तिच्या वडिलांनीही शपथ घेतली होती, आणि तीही मुलीचीच, म्हणजे तिचीच.

त्याला भरती केलं. काविळीच्या सगळ्या जंतूंच्या तपासण्या झाल्या. एकही सापडला नाही. पोटाचा फोटो काढला. खडा नाही, गाठ नाही. यकृताला सूज होती आणि रक्तातला काविळीचा आकडा रोज वर जात होता. "कारण सापडलं की अर्धं काम होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कारण कळत नाही तोवर आपण फक्त बघत राहणार. आणि यकृत फार काळ बघू देईल असं मला वाटत नाही."

बायकोने मुलीला नणंदेकडे पाठवलं आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर ठाण मांडलं.

"अहो, एकदा सांगून टाका. मी ओरडणार नाही."

"काय सांगू?"

"जे असेल ते. माणूस चुकतो. वर एकटाच असता तुम्ही, कोण बघतंय?"

"अगं, मी घेत नाही. कसं सांगू तुला, क्रेनच्या आकड्याला लटकून सांगू?"

त्याला राग आला आणि रागाने लगेच थकवाही आला. त्याचं डोकं ठणकत होतं, हात थरथरत होते. हे सगळं तिने वडिलांच्या वेळी पाहिलेलं होतं. दारू सुटली की असंच होतं. प्रत्येक खूण तिच्या बाजूने साक्ष देत होती आणि त्याच्याकडे एकही साक्षीदार नव्हता.

खालचा रोज येई. वॉर्डातली सिस्टर बाहेरचं खाणंपिणं जप्त करायची, म्हणून तो हात हलवत आल्यासारखा येई आणि खांद्याला एक थर्मास असे, स्वतःच्या चहाचा म्हणून. बायको खाली औषधं आणायला गेली की दोघं खिडकीशी उभे राहत. त्यानंतर वरच्याची डोकेदुखी जरा उतरे. चार शब्द बोले. खालच्याला बरं वाटे. तो जाताना सिस्टरला म्हणेही, "आज सुधारणा आहे." आणि संध्याकाळी रक्ताचा आकडा आणखी वर गेलेला असे.

एके दिवशी बायको चिठ्ठी विसरली म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आली. खिडकीशी नवरा पाठमोरा होता, मान मागे टाकलेली, थर्मासचं झाकण ओठाला. शेजारी खालचा पहारेकऱ्यासारखा उभा.

तिने आवाज केला नाही. जाऊन थर्मास काढून घेतला. खालचा म्हणाला, "वहिनी, अहो वहिनी, ऐका तरी." ती ऐकत नव्हती. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरबाई एका म्हाताऱ्याला तपासत होत्या, तिथवर ती थर्मास घेऊन गेली आणि म्हणाली, "घ्या. हे कारण. वास घेऊन बघा. मी इतके दिवस सांगत होते, पण मी बायको ना, मला काय कळतं!"

डॉक्टरबाईंनी वास घेतला. पुन्हा घेतला. "ही दारू नाहीये," त्या म्हणाल्या. "काय आहे हे?"

खालचा मागोमाग धावत आला होता. "तसलं काही नाही हो, डॉक्टर. देवाशपथ. करंट आहे. ते एनर्जीचं, कॅनमधलं. आजारी माणूस, ताकद नको का? तुमचं ते सलाईन म्हणजे नुसतं पाणी."

बायकोच्या अंगातून काहीतरी निथळून गेलं. नवरा खरं बोलत होता. सगळा वेळ खरं बोलत होता. तिला हसू येऊ लागलं, आणि त्या हसण्यातच तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

"किती पितो हा? आणि कधीपासून?"

खालच्याने सांगितलं. सांगताना एकेक वाक्य त्याच्या स्वतःच्याच कानांवर पडत गेलं, आणि शेवटच्या वाक्यापर्यंत त्याचा आवाज पार बसला.

डॉक्टरबाई वरच्याच्या पलंगाशी आल्या आणि तिघांसमोर कडेला टेकल्या. याच्यामुळेच झालं असं त्या छातीठोक सांगणार नव्हत्या. पण बाकी सगळं तपासून झालं होतं, आणि असं काही जणांच्या बाबतीत झाल्याचं त्यांनी वाचलं होतं. या पेयांत एक जीवनसत्त्वही असतं. थोडं असेल तर अंगी लागतं, रोज ढिगाने गेलं तर काहींच्या यकृताला ते झेपत नाही. आणि कॅफीन? "कॅफीन थकवा घालवत नाही," त्या म्हणाल्या. "थकवा आलाय ही बातमी तेवढी दाबून ठेवतं. तुमचं यकृत ओरडत होतं आणि तुम्ही कानात बोळे घालून बसला होतात."

"मग चहा-कॉफीही विषच म्हणायची," खालचा पुटपुटला.

"नाही. साध्या कॉफीचं यकृताशी काही वाकडं नाही. हे एवढं, असं, उपाशीपोटी, पाण्याऐवजी... हे कॉफीसारखं नाही."

वरचा छताकडे बघत होता. "मला झोप लागू नये म्हणून घेत होतो," तो म्हणाला. "माझ्याखाली माणसं असतात."

मग डॉक्टरबाईंनी बायकोला दाराशी नेलं आणि हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. करंट आता पूर्ण बंद. एक-दोन दिवस डोकं दुखेल, तो झोपेल. पण यकृत हरायला लागलं तरीही माणूस झोपाळतो. बरळतो, वार विसरतो, माणसं विसरतो. "लक्ष ठेवा. जरा वेगळं वाटलं की हाक मारा."

"पण ही झोप कुठली आणि ती कुठली, मला कसं कळणार?"

"जागं करून बोलतं करा. आम्हीही बघतोच आहोत."

दुसऱ्या दिवशी तो झोपला. बायकोने लग्नानंतर त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर. सगळ्या इमारतींची थकलेली झोप एकदम वसूल करायला आल्यासारखी. दुसऱ्या कुठल्या वेळी तिने पांघरूण सारखं केलं असतं आणि पाय न वाजवता बाजूला झाली असती. आता ती त्याचा खांदा हलवत होती.

"अहो. मुलगी कुठल्या शाळेत आहे?"

त्याने शाळा सांगितली.

"माझ्या मशीनवर उजवीकडे कोण बसतं?"

"ती... पान खाणारी. झोपू दे ना."

थोड्या वेळाने पुन्हा. आणि पुन्हा. तो बरोबर उत्तरं देई आणि प्रत्येक उत्तराबरोबर जरा आणखी खोल जाई. दुपार कलली तेव्हा तिने विचारलं, "आज वार कुठला?"

"सोमवार."

गुरुवार होता. तिने त्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. "नीट सांगा. वार कुठला?"

"सोमवार, सोमवार," तो म्हणाला आणि त्याची मान उशीवरून घसरली.

ती वॉर्डातून धावली. सिस्टर म्हणाली, "बाई, घाबरू नका, वार इथे मलाही कळत नाही." पण म्हणता म्हणता तीही भराभर चालू लागली होती. डॉक्टरबाई आल्या. खालचा बाहेरच्या बाकावर होता. थर्मासच्या दिवसापासून तो आत आला नव्हता. तो दाराच्या चौकटीपर्यंत आला आणि तिथेच खिळला.

वरच्याला उठवून बसवलं. "दोन्ही हात समोर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पंजे उभे करा. गाडी थांबवतो तसे. डोळे मिटा. तसेच धरून ठेवा."

यकृत हरत असेल तर असे धरलेले पंजे पक्ष्याच्या पंखासारखे फडफडतात, हे बायकोला कालच कुणीतरी सांगितलं होतं. तिला बघवेना. तिने दाराकडे मान फिरवली. तिथे खालचा उभा होता आणि त्याची नजर त्या पंजांवर होती. टांगलेला भारा हलतो की स्थिर आहे, हे वाचणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम.

"स्थिर आहेत, वहिनी," तो म्हणाला. "हलत नाहीत. बघा तुम्ही."

तिने पाहिलं. पंजे थोडे थरथरत होते, बारीक, थंडी वाजल्यासारखे. पण गळून पडत नव्हते. डॉक्टरबाईंनी बराच वेळ पाहिलं, मग हात खाली घ्यायला सांगितले आणि रक्त घेतलं.

निकाल यायला संध्याकाळ झाली. त्या वेळात खालचा आणि वहिनी एकाच बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"माझ्या हाताने पाठवत होतो वर," खालचा म्हणाला. "रोज. पिशवी बांधून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मला तरी काय माहीत होतं? मी भलत्याच गोष्टीवर डोळा ठेवून बसले होते." ती म्हणाली, "उद्यापासून आत बसा, भाऊजी. दोघं असलो की प्रश्न तरी वेगवेगळे सुचतील."

डॉक्टरबाई कागद न घेताच बाहेर आल्या. "आकडा उतरलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण आज पहिल्यांदा वाढलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून दोन-चार दिवस धाकधूक. यकृत चिवट असतं, पुष्कळदा सावरतं. पण आज मी याहून जास्त बोलणार नाही."

ती आत गेली. तो कुशीवर वळला होता. श्वास जड, एकसारखा चाललेला. काही वेळ ती नुसती बघत राहिली. ही झोप कुठली? चेहऱ्यावरून कळत नव्हतं. दोन्ही झोपांचा चेहरा एकच असावा. तिने त्याच्या खांद्याला हात लावला, या वेळी हलकेच.

"अहो. मी कोण?"

त्याने डोळे उघडले नाहीत.

"पोलीस," तो म्हणाला.

हा विनोद की बरळणं, ते ठरवायला बायकोने पुढचा प्रश्न विचारला नाही. स्टूल पलंगाला आणखी चिकटवलं आणि त्याच्या बोटांखाली आपली बोटं सरकवून ती बसून राहिली, त्याची बोटं फडफडली तर आपल्याला आधी कळावं म्हणून.