वरच्या मजल्यावरचं ऊन

उन्हाबद्दल आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊंना जेवढं कळत होतं, तेवढं प्रत्यक्ष सूर्यालाही कळत नसेल, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. सूर्य आपला उगवतो आणि तापतो. कोणत्या भिंतीवर किती वाजता पडायचं, कुणाच्या डोक्यावर किती वेळ थांबायचं, याची चौकशी तो करत नाही. भाऊ करायचे. मूळचे चंद्रपूरचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं नोकरी केलेले, आणि निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीतल्या आमच्या चार मजली सोसायटीत सगळ्यात वरचा, पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट घेऊन राहिलेले. आम्ही त्यांच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे आमच्या वाट्याचं ऊन आधी त्यांच्या घरातून गाळून मग आमच्याकडे यायचं. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

त्यांच्या गॅलरीत एक भलामोठा थर्मामीटर टांगलेला असायचा. दुपारी दोन वाजता ते तो वाचायचे आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडून आकडा जाहीर करायचे. कुणी विचारलेलं नसायचं. सकाळच्या पेपरात याच्यापेक्षा तीन अंश कमी दिलेत, असं मी एकदा म्हणालो, तर मला म्हणाले, "पेपरातलं तापमान झाडाखालचं राहते, सेक्रेटरीसाहेब. माझं माणसाचं आहे." मार्च लागला की डोक्याला ओला पंचा आणि खिशात कांदा. कांद्यावाचून ते उंबरा ओलांडत नसत. एका लग्नात वरपित्याला मिठी मारताना तो कांदा निसटून अक्षतांच्या ताटात पडला. भाऊंनी तो शांतपणे उचलला, पुसला आणि वरपित्याच्याच कोटाच्या खिशात सरकवला. "राहू द्या बाप्पा, तुम्हाले दिवसभर सुटात उभं राहाचं आहे." वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अशा वेळी पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहत. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या बाई. हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर रोज सकाळी ताजी फुलं ठेवायच्या आणि नवऱ्याच्या बडबडीवर दिवसभर नुसत्या हसायच्या.

सुरुवातीची काही वर्षं भाऊ पुण्याच्या उन्हाला मोजतच नसत. त्याला ते 'बालवाडी' म्हणायचे. मग आमच्यासमोरचा रस्ता रुंद झाला, त्यावरची चिंचेची आणि पिंपरणीची झाडं गेली, पलीकडच्या मोकळ्या जागेवर काचांची एक ऑफिसची इमारत उभी राहिली आणि तिसऱ्या प्रहरी तिच्यावरचं ऊन उलटून पुन्हा आमच्याकडे येऊ लागलं. भाऊंची थट्टा त्यानंतर जरा बारीक झाली. एकदा गच्चीवर उभे असताना मला म्हणाले, "आमच्याकडे ऊन याच्या दुप्पट. पण घर बांधणाऱ्याला ते माहीत राहते. भिंत हातभर जाड, खिडकी लहान, छप्पर कौलाचं. हे घर ज्यानं बांधलं त्याला वाटलं, पुण्यात नेहमी डिसेंबरच राहील." बिल्डरला तसं वाटलंच होतं. पुण्यात पंखासुद्धा लागत नाही, असं सांगून त्याने आम्हाला फ्लॅट विकले होते, आणि आम्हीही ते अभिमानाने पाहुण्यांना सांगत होतो.

त्या उन्हाळ्यात भाऊंनी सोसायटीकडे अर्ज केला. गच्चीला चुना मारू द्या, स्वखर्चाने मारतो. आणि गॅलरीत वाळ्याचा कूलर बसवू द्या. मी सेक्रेटरी असल्यामुळे अर्ज कमिटीपुढे मीच वाचला. आमचे चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, शब्द मोजून वापरणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "पुण्यात उन्हाळा नसतो. तो बाहेरून आलेल्यांना होतो." सगळे हसले. मीही हसलो. मग चुन्यामुळे वॉटरप्रूफिंगची गॅरंटी जाईल, कूलरमुळे इमारतीचं दर्शनी रूप बिघडेल, पाण्याची आधीच टंचाई आहे, अशी कारणं निघाली. शेवटी चेअरमन म्हणाले, "आणि तसंही तुमच्याकडच्या लोकांना सवय असते." 'तुमच्याकडच्या' म्हणजे चंद्रपूरकडच्या की आणखी कुठल्या, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. भाऊ समोर बसले होते, त्यांनीही विचारलं नाही. फक्त हात जोडले आणि उठले. नकाराचं पत्र माझ्या हस्ताक्षरात गेलं. मी त्यात 'सविनय' हा शब्द दोनदा घातला होता, हे मला अजून आठवतं.

त्याच वर्षी माझा मुलगा हिंजवडीत एका आयटी कंपनीत लागला. त्याचं सगळं काम अमेरिकेच्या घड्याळावर. घरी सकाळी यायचा आणि दिवसभर झोपायचा. दुपारी झोप येईना म्हणून त्याने पहिल्या पगारवाढीत खोलीला एसी बसवला. सोसायटीतला तो पहिला एसी. एसीला परवानगी लागते का, असा प्रश्न कमिटीत निघाला. चेअरमन म्हणाले, "एसीची गोष्ट वेगळी. त्याने इमारतीची शान वाढते." एसीचा बाहेरचा डबा मागच्या डक्टमध्ये बसला, भाऊंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर खाली. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत तो गरम वारा वर फेकत असे.

मला ते माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या एप्रिलमध्ये मी काही सही घ्यायला वर गेलो, तेव्हा वहिनी ओट्याशी भाकरी थापत होत्या आणि त्यांच्या पोलक्याची पाठ घामाने काळी झाली होती. खिडकी बंद होती. मी काही म्हणणार, तोच भाऊंनी ती क्षणभर उघडून दाखवली. भट्टीचं दार उघडल्यासारखा झोत तोंडावर आला. भाऊ म्हणाले, "कारखान्यात एवढ्या गरमीचा भत्ता भेटत होता, साहेब." मी हसलो. डबा दुसरीकडे हलवतो, असं कबूल केलं. मेकॅनिकला विचारलंही. पाइप लांब लागेल, थंडावा कमी होईल, असं तो म्हणाला आणि मला तेवढं कारण पुरलं.

मग दुपारी ते दोघं जिन्यात येऊन बसू लागले. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक झरोका होता, तिथे थोडी झुळूक यायची. वहिनी तांदूळ निवडायच्या, भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला उन्हाबद्दल सल्ले द्यायचे. "टोपी घाला." "गूळ खाऊन पाणी प्या." "एवढं तिखट काहून खाता?" लोकांना जड झालं. आठवड्याभरात जिन्यात पाटी लागली: 'जिना ये-जा करण्यासाठी आहे. बसण्यासाठी प्रत्येकाला स्वतःचे घर आहे.' मजकूर चेअरमनचा. टाइप मी केला. दुसऱ्या दिवशी भाऊंनी ती पाटी उभं राहून नीट वाचली, वहिनींना वाचून दाखवली आणि तांदळाचं ताट उचलून दोघं वर गेले.

मेच्या मध्यावर एक दिवस दुपारी तीनच्या सुमारास वरून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ भाऊंची हाक. मी धावत गेलो. वहिनी स्वयंपाकघरात आडव्या पडल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, बोलणं असंबद्ध, अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. आयुष्यभर बडबडणारा तो माणूस त्या वेळी एक शब्द फुकट बोलला नाही. बादलीत चादर बुडवली, त्यांच्या अंगावर टाकली, मानेखाली ओला पंचा सरकवला आणि मला म्हणाला, "एसी चालू आहे ना तुमचा? पाय धरा."

आम्ही दोघांनी त्यांना खाली आणलं. मुलगा दचकून उठला, बाजूला झाला. त्याच्या पलंगावर आम्ही त्यांना निजवलं. बायकोने बर्फ आणला. मुलगा रिक्षा आणायला पळाला. खोलीत स्वेटर घालावा असा गारवा होता. भाऊ वहिनींचा हात धरून उभे होते. त्यांनी एकदा वर, एकदा भिंतीवरच्या त्या पांढऱ्या यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान थंड आहे." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आजवर तो परतवून लावला असता.

वहिनी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दहा मिनिटांत घरच्यांनी जे केलं त्यामुळे वाचल्या. पण चालताना त्यांचा तोल जाऊ लागला, आणि जीभ थोडी जड झाली ती कायमची. पावसाळ्यात भाऊंनी फ्लॅट विकला आणि ते चंद्रपूरला निघून गेले. उन्हाला कंटाळून माणूस चंद्रपूरला गेला, हा विनोद आमच्या सोसायटीत वर्षभर चालला. चेअरमननी तो वार्षिक सभेतही केला. पुढे काही वर्षांनी उन्हाळा त्यांच्याही घरी पोचला, तेव्हा एका कंपनीने येऊन आमच्या गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावला. ठराव एकमताने झाला. त्याचं इतिवृत्त मीच लिहिलं आणि त्यात कुणाचंही नाव घातलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नागपूरला एका लग्नाला गेलो होतो. तिथून भाऊंना फोन केला आणि बस धरून चंद्रपूरला गेलो. मे महिना, भर दुपार. भाऊ फाटकाशीच उभे होते, अंगाने अर्धे झालेले. "या वेळी कोणी येते का?" म्हणून रागावले आणि मला आत ओढलं. आत अंधार होता, शेणाने सारवलेली जमीन होती आणि खरोखर गार होतं. वहिनी काठी टेकत पन्हं घेऊन आल्या. ओतताना हात थरथरत होता, अर्धं बशीत सांडत होतं. भाऊ मदतीला उठले नाहीत. मी उठू लागलो, तर त्यांनी डोळ्यांनी मला खाली बसवलं. वहिनींनी पेला भरला, माझ्या हातात दिला आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत विचारलं, "मुलगा... बरा?"

मी बरा म्हणालो. मग मी नागपूरपासून मनात घोळवत आणलेलं बोलायला लागलो. "भाऊ, तो एसीचा डबा मी तेव्हाच जर..."

"साहेब," ते म्हणाले, "दोन वाजता आमच्याकडे कोणी बोलत नाही. झोपा."

त्यांनी खाटेवर सतरंजी टाकली, जमिनीवर पाणी शिंपडलं आणि दार लोटून घेतलं. मला झोप लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागली. कित्येक वर्षांत लागली नव्हती तशी. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाहेर अंगणात दोघं बसले होते. वहिनी काहीतरी सांगत होत्या, अडखळत, मध्येच हसत, आणि भाऊ नुसते "हो, हो" म्हणत होते. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. त्यांचं बोलणं मला नीट ऐकू येत नव्हतं. आत पाहुणा झोपला आहे म्हणून दोघंही आवाज खाली ठेवून बोलत होते.