पडवीत बसून बोल

रतनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोअर परळच्या ऑफिसात होते. फोन त्यांच्या शेजारच्या गंगारामकाकांचा होता. लालबागच्या त्या चाळीत दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. "बाय, रतन गेली गो," ते म्हणाले, आणि त्याच दमात, "ह्या रविवारच्या पडवीचा काय करूचा?" मला त्या प्रश्नाचा राग आला नाही. उलट आधार वाटला. माणूस गेल्या गेल्या त्याच्या कामाचं पुढे काय, असं कोणी विचारतं, तेव्हा ते काम खरं होतं असं समजावं.

'पडवी' म्हणजे आमच्या कोकणातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावरचा संध्याकाळचा कार्यक्रम. तो रतनताईंनी सुरू केला, वाढवला, आणि केंद्राने सोडून दिल्यावरही सोडला नाही. सगळं लालबाग कोकणातून मुंबईला आलं, रतनताई उलट्या वाटेने गेल्या. गिरणी कामगाराची मुलगी, चाळीत वाढलेली, मालवणी आजीच्या तोंडून शिकलेली. रेडिओत नोकरी लागली म्हणून एकटीच एसटीत बसली. "आम्ही तिथून पोटासाठी पळालो, नि तू परत चाललीस?" असं वडील म्हणाले होते म्हणे. "मी पगार घ्यायला चालले," असं त्यांचं उत्तर.

तिथे रुजू झाल्या झाल्या त्यांनी एक घोटाळा केला, आणि तो त्या स्वतःच रंगवून सांगत. शेतीचा मजकूर घाटावरून लिहून यायचा. त्यात एकदा होतं, 'पेरणीपूर्वी वखराच्या दोन पाळ्या द्याव्यात.' घाटावर पाळी म्हणजे रानातून वखर एकदा फिरवणं. गिरणगावच्या मुलीला पाळी ठाऊक होती ती गिरणीच्या भोंग्याची, कामाच्या शिफ्टची. त्यांनी तो मजकूर आपल्या मालवणीत उतरवला आणि सगळ्या जिल्ह्याला सांगितलं, "शेतकरी दादांनू, पेरणीच्या आधी बैलांका दोन पाळयेत कामाक जुपा, सकाळच्या नि दुपारच्या." दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी एक म्हातारा शेतकरी हजर. "बाय गो, बैल इचारतत, रातपाळयेचो भत्तो कितको गावतलो?" त्या भागात घरटी एक माणूस गिरणीत, त्यामुळे विनोद कोणाला समजावून सांगावा लागला नाही. आठवडाभर बाजारात दुसरा विषय नव्हता.

केंद्रप्रमुखांनी फर्मान काढलं, यापुढे छापील मजकूर जसाच्या तसा वाचायचा, मालवणी बंद. रतनताईंनी त्याच चुकीतून नेमका उलटा धडा घेतला. चूक मालवणीची नव्हती, खोलीत बसून शेतीवर बोलण्याची होती. त्यांनी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवला आणि वाडी-वाडी पालथी घातली. भातावरचा करपा, म्हशीचं फुगलेलं पोट, होड्यांसाठी वाऱ्याची खबर, बायकांची जात्यावरची गाणी, सगळं माणसांच्या स्वतःच्या आवाजात यायला लागलं. शेवटची पाच मिनिटं 'मुंबयचे निरोप', मुलांनी गावच्या आईबापांना धाडलेले. "लालबागच्या बाबल्याचो आवशीक निरोप, बोनस झालो नाय, तरी चतुर्थीक येतंय." हे ऐकायला दुकानांसमोर माणसं उभी राहायची. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि निरोप पाठवणारेच परत आले. रतनताईंनी त्यांनाही माइकसमोर बसवलं. केंद्रप्रमुख साहेब भडकले, "हा शेतीचा कार्यक्रम आहे. कामगारांचं रडगाणं इथे नको." त्या म्हणाल्या, "साहेब, कायमची पाळी सुटलेला माणूस आता शेतात उभा आहे. त्याला शेतकरी नाही तर काय म्हणू?" भाग ठरल्याप्रमाणे गेला.

मी त्या केंद्रावर आले ती ऑडिशनला. तालुक्याच्या शाळेत शिकलेली, बौद्धवाडीतली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. आवाज बरा आहे, पण वळण गावठी आहे, असा निकाल साहेबांनी माझ्यासमोरच दिला. कोपऱ्यात टेप गुंडाळत बसलेल्या रतनताई मान वर न करता म्हणाल्या, "गावच्या रेडिओवर गावठी नको, तर लंडनचं मागवायचं?" माझी निवड झाली. आज मी जे काही चार लोकांत उभी राहून बोलते, त्याची सुरुवात त्या एका वाक्यात आहे, आणि ते ऋण मला फेडायचं नाही, बाळगायचं आहे.

काही महिन्यांनी त्यांनी मला 'पडवी'चं निवेदन करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. "का गो?" मी सांगितलं, माझी आजी ज्या घरी भात झोडायला जायची, त्या घराच्या पडवीची पायरी ती जन्मात चढली नाही. तिचा चहा अंगणात, करवंटीत. मला हा शब्दच आवडत नाही, ताई. मला वाटलं, आता त्या नाव बदलतील, नाहीतर माझी समजूत घालतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "नाव बदलूचा नाय," त्या म्हणाल्या. "नाव सोडलं तर पडवी त्यांच्याकडेच राहिली, आणि आपण पुन्हा अंगणात. उद्यापासून तू पडवीत बसून बोल. येणाऱ्याक 'बसा' म्हणूचा काम तुझा."

दुसऱ्या दिवशी मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वाडीचं नाव सांगितलं, आणि म्हटलं, "या, पडवीत बसा." तक्रार यायला दोन दिवसही लागले नाहीत. एका गावचे वजनदार गृहस्थ केंद्रावर आले आणि निवेदिका बदला म्हणाले. रतनताईंनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि सांगितलं, "रेडिओचं बटण तुमच्या घरात आहे. नको असेल तर बंद करा." त्यांनी ते बंद केलं नसावं. पुढच्याच आठवड्यात त्यांचा मुलगा करप्याचं औषध विचारायला आला, ते मी 'पडवी'त सांगितलं होतं म्हणून. "बटण चालू हा वाटता," रतनताई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

नंतर धोरण बदललं. स्थानिक कार्यक्रम एकेक करून गेले आणि केंद्रावरून मोठ्या शहराचे कार्यक्रम जसेच्या तसे ऐकू यायला लागले. मी तोवर मुंबईत आले होते, रतनताई निवृत्त होऊन चाळीतल्या खोलीत परतल्या होत्या. 'पडवी' बंद झाल्याचं कळलं तशा त्या मला घेऊन रेडिओच्या वरिष्ठ कचेरीत गेल्या. श्रोते उरले नाहीत, असं तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं. "विचारलंत कोणाक?" ताईंच्या या प्रश्नावर त्याने पुढची फाइल उघडली. जिना उतरताना मी रडकुंडीला आले होते. त्या म्हणाल्या, "रडतंस कशाक? त्यांनी केंद्र ठेवून घेतला. माणसां आपल्याकडे आसत." त्या रविवारपासून त्यांच्या खोलीत मोबाइलवर 'पडवी' सुरू झाली. चाळीतली, भायखळ्याची, परळची माणसं येऊन बोलायची, गावाहून आवाज यायचे, आणि तयार झालेला भाग वाडी-वाडीच्या ग्रुपवर जायचा.

शोकसभेत एक निवृत्त अधिकारी चांगलं बोलले. पण शेवटी म्हणाले की रेडिओचा जमाना गेला, रतनताईंबरोबर एक युग संपलं. मागून गंगारामकाका उठले. "जमानो गेलो, तर तुमी माइक कशाक धरलात?" सभा शोकाची होती, तरी हसू फुटलं. सभेनंतर काहींनी सुचवलं, समारोपाचा एक सुंदर भाग करू, ताईंच्या आठवणींचा, आणि आदराने थांबू. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटलं. आदराने थांबणं हे मला 'श्रोते उरले नाहीत' याचंच गोड भाषांतर वाटलं. तेवढ्यात मोबाइलवर गावाहून एक आवाज येऊन पडला, एका म्हातारीचा. "रतनबाय गेली ता कळला. वायट झाला. पण माझ्या म्हशीची कास सुजली हा, औषद ती इचारून सांगतलंय म्हणालेली. आता ता कोण सांगतलो?"

समारोप करणाऱ्याने आधी त्या म्हशीला उत्तर द्यावं.

रविवारी आम्ही जमलो. जनावरांच्या डॉक्टरांना मी आदल्या दिवशीच गाठलं होतं. खोली तशीच आहे, फक्त खाटेवर आता आम्ही चौघं बसतो. रेकॉर्डिंगच्या आधी रतनताई पंखा बंद करायच्या, त्याची घरघर आवाजात उतरते म्हणून, आणि मग कितीही उकडलं तरी भाग संपेपर्यंत कोणाची लावायची छाती नसायची. मी कागद सरळ करत होते. कोणीतरी उठलं, बटण दाबलं. पाती हळूहळू थांबली. घामाने माझी मान भिजली... आणि खोलीत एकानेही तक्रार केली नाही.

मी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि म्हशीपासून सुरुवात केली.