पाणबुडीच्या तोंडाशी

आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही कधी येईल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक घराच्या अंगणात जमिनीखाली एक टाकी आहे. वर चौकोनी तोंड, त्यावर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. आमची टाकी मी स्वतः धुते. साडी खोचायची, खराटा आत टाकायचा आणि उतरायचं. यजमान वर उभं राहून सूचना देतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी भित्री बाई आहे असं आमच्या घरात आता सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

मुलगा बारावीनंतर नौदलात गेला. संभाजीनगरच्या मुलानं नौदलात जावं हेच मुळात नातेवाइकांना पटत नव्हतं. आमच्याकडे समुद्र सोडा, नदीलाही धड पाणी नसतं. तरी जहाजापर्यंत मी मनाची तयारी केली होती. जहाज निदान पाण्याच्या वर असतं. मग एके दिवशी त्यानं फोनवर सांगितलं की पाणबुडीसाठी नाव दिलंय.

"म्हणजे तुला पाठवतायत?" मी विचारलं.

"पाठवत नाहीत गं, स्वतःहून जावं लागतं."

त्या 'स्वतःहून'चा मला भयंकर राग आला. मी फोन यजमानांच्या हातात दिला आणि पुढं बरेच दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही.

भीती वाटायचीच. तो खाली गेला की फोन नाही, निरोप नाही, कुठं आहे ते कळायची सोय नाही. निघायच्या आधी "जरा कामात राहीन" एवढंच म्हणायचा. मग मी शिवणाच्या मशीनवर जाऊन बसायचे. मी बायकांचे ड्रेस आणि ब्लाउज शिवते. त्या काळात गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर मिळायचे, एरवी मिळत नाहीत. एकदा टीव्हीवर कुठल्यातरी परक्या देशातल्या पाणबुडीची वाईट बातमी लागली, तेव्हा यजमानांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट खिशात घालून हिंडत राहिले. जणू कॉलनीत मला सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच.

पण तो सुट्टीवर आला की माझी भीती बाजूला राहायची आणि मी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. तो मशीनशेजारी फरशीवर बसायचा, ब्लाउजांना हुक लावून द्यायचा आणि सांगत राहायचा. गुपितं नाहीत, ती त्यानं कधीच तोंडातून काढली नाहीत, आपलं राहण्याखाण्याचं. झोपायची जागा दोघांत एक. एकाची पाळी सुरू झाली की दुसरा त्याच्याच गरम अंथरुणावर आडवा होणार. दिवस आहे की रात्र, ते ताटात काय आलं त्यावरून कळायचं. पोहे आले म्हणजे सकाळ. बटाट्याची पोती चालायच्या वाटेतच ठेवलेली, त्यांच्यावरूनच ये-जा. अंघोळीचं तर नावच काढायचं नाही. "आई, आपल्या कॉलनीतली माणसं तिथं आरामात राहतील," तो म्हणायचा, "पाणी पुरवून वापरायची सवय आहे त्यांना."

पहिल्यांदा खाली गेल्यावर त्याला समुद्राचं पाणी प्यायला दिलं होतं. तशी रीतच आहे म्हणे. "ओकलास का?" मी विचारलं. "नाही, पण डोळ्यांत पाणी आलं," तो म्हणाला. खारटपणामुळं की आणखी कशामुळं, ते मी विचारलं नाही. त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास यायचा. ते मी तीनदा धुवायचे, चौथ्यांदा धुवायला पाणी उरायचं नाही. पण तो वास मला नकोसा होता असंही नाही.

एकदा टाकी धुऊन झाल्यावर मी आतूनच यजमानांना म्हटलं, "झाकण लावा जरा."

"काय?"

"लावा म्हणते ना."

त्यांनी लावलं. गुडुप अंधार झाला. ब्लीचिंग पावडरचा वास, ओल्या भिंती, आणि माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू येत होता. आधी छातीत धडधडलं, हात आपोआप शिडीकडं गेला. मग धडधड कमी झाली. भाजीवाल्याची आरोळी, शेजारचं कुत्रं, राहिलेली कामं, सगळं वरच राहिलं. बरं वाटत होतं, चक्क बरं वाटत होतं. आपलं पोरगं तिथं का रमतं ते मला पहिल्यांदा थोडंसं कळलं. तेवढ्यात यजमानांनीच घाबरून झाकण उघडलं आणि "डोकं फिरलंय का तुझं?" म्हणून माझ्यावर ओरडले.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलाचा फोन आला. घरच्या माणसांना पाणबुडी आतून दाखवणार होते, विशाखापट्टणमला, ती धक्क्याला लागलेली असताना. "आई, तू येच. मला तुलाच दाखवायचंय सगळं. फक्त साडी नको. शिडी सरळ उभी असते, ड्रेस घाल."

लग्न झाल्यापासून मी ड्रेस घातला नव्हता. कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे शिवले, पण आमच्या घराण्यात माझ्या वयाच्या सुना साडीतच असतात. आता पहिल्यांदाच टेप स्वतःच्या अंगाला लावली. गर्द निळं कापड आणलं, सलवार गुडघ्यात मुद्दाम सैल ठेवली, ओढणी शिडीत अडकेल म्हणून तिच्याऐवजी वरून जाकीट शिवलं. दार लावून घालून पाहिला. पलंगावर चढून-उतरून पाहिलं. "कॉलेजात नाव घातलंस काय?" यजमान म्हणाले. त्यांना आवडला होता, ते मला त्यांच्या चिडवण्यावरून कळतं.

निघायच्या आदल्या दिवशी गावाहून, पिशोरहून, मोठे दीर आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी शेती सांभाळली म्हणून यजमान शिकले आणि वाळूजच्या कंपनीत लागले, हे आमच्या घरात कुणी विसरत नाही. दादा भावाला म्हणाले, "मी बी येतो रे. समुंदर नाय पाहिला कधी. लेकराचं जहाजबी बघू." नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. दादांसमोर मी अजून डोक्यावर पदर घेते. कुणी घ्यायला लावलाय असं नाही. लग्नानंतर पहिल्या दिवशी घेतला तो तसाच राहिला. ड्रेस बॅगेच्या तळाशी गेला.

सिकंदराबादला गाडी बदलून आम्ही पोचलो. पाणबुडी पाहायच्या दिवशी सकाळी मी लॉजच्या बाथरूममध्ये ड्रेस घातला. हो, घातला. आरशात पाहिलं, केस बांधले, आणि आता सरळ बाहेर जायचं असं ठरवलं. तेवढ्यात दादांचं खाकरणं ऐकू आलं आणि पाठोपाठ आवाज, "झालं का रे तिचं? पोरगं वाट बघत असंल." मी ड्रेस उतरवला आणि साडी नेसले. निऱ्या रागारागानं घातल्या. राग माझा मलाच आलेला.

पाणबुडी पाण्याबाहेर फारशी दिसत नाही, नुसती काळी पाठ. एका फळीवरून आम्ही त्या पाठीवर गेलो. तिथं गोल तोंड, आत पिवळा उजेड, आणि वर येणारा तोच वास, मुलाच्या कपड्यांचा. जरा धास्ती वाटली, खोटं कशाला बोलू. पण टाकीत उतरताना वाटते तेवढीच. शिडी तर आमच्या शिडीपेक्षा चांगली होती. माझ्या पुढच्या बायका, कुणी जीन्समध्ये, कुणी ड्रेसमध्ये, हसत-ओरडत उतरत होत्या. माझी पाळी आली तेव्हा तिथल्या नाविकानं हात आडवा धरला. "आंटी, साडी में नहीं होगा."

मुलगा सकाळपासून माझ्या साडीकडं बघत होता, पण दादांसमोर बोलला नव्हता. आता कानाशी येऊन म्हणाला, "ड्रेस आणलायस ना? मागं खोली आहे, बदलून ये. मी थांबतो तोवर."

बॅग यजमानांच्या हातात होती. दादा हातभर अंतरावर उभे होते.

"राहू दे," मी म्हटलं.

"का गं?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यानं माझ्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं आणि हलकेच विचारलं, "आई, भीती वाटते का?"

मी मान डोलावली. सोपं कारण आयतं हातात आलं होतं, आणि त्यात कुणाचा अवमान नव्हता. पुढं काय होणार ते तेव्हा कळलं असतं ना, तर मी साडी फेडून नुसत्या परकरावर उतरले असते.

यजमान आणि दादा आत गेले. मी धक्क्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कुणीतरी दिलेलं सरबत धरून बसले. दादा वर आले ते घामाघूम आणि खूश. "लई अरुंद हाय," ते भावाला सांगत होते, "पण लेकरू राजावाणी ऱ्हातंय. मला त्याच्या जागंवर आडवं बी केलं!" मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, पोराच्या काळजीनं. एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. दादा अजून पिशोरात चहाच्या टपरीवर पाणबुडीचं वर्णन करतात, आणि वाईट याचं वाटतं की ते चांगलं करतात.

त्या दिवसानंतर मुलानं मला सांगणं बंद केलं. रागानं नाही, मायेनं. आईच्या जिवाला उगाच घोर नको म्हणून. मी विचारलं की "नेहमीचंच गं, विशेष काही नाही." सुट्टीत तो मशीनशेजारी बसायचा, पण बोलणं शेजाऱ्यांचं, लग्नाच्या स्थळांचं. बैठकीत बापलेक आणि दादा पाणबुडीचं बोलत असले आणि मी चहा घेऊन गेले, की विषय पाण्याच्या टँकरवर यायचा. मग मी दाराआड थांबून ऐकायला शिकले. माझ्याच घरात, माझ्याच मुलाचं, चोरून. पुढं ती पाणबुडी जुनी झाली म्हणून सेवेतून काढली. ती बातमीही मला यजमानांनी सांगितली, तीही जपून. आता तो किनाऱ्यावर नव्या पोरांना शिकवतो. आई आता निर्धास्त झाली असं सगळे म्हणतात. झालेच आहे निर्धास्त. पण ज्या जागेत माझं लेकरू इतकी वर्षं जगलं, ती मी पाहिली नाही, आणि आता ती पाहायला मिळणार नाही. याचं दुःख निर्धास्तपणानं कमी होत नाही.

मुलाचं लग्न झालं, आणि गेल्या उन्हाळ्यात त्याच्याबरोबर सून पहिल्यांदा चार दिवस राहायला आली. दादाही डोळे दाखवायला शहरात आले होते. सकाळी सून ड्रेस घालून खोलीच्या दाराशी थबकली आणि मला हळूच म्हणाली, "आई, मोठ्या बाबांसमोर चालेल ना?"

मी काही बोलायच्या आत पेपर डोळ्यांशी धरून बसलेले दादाच म्हणाले, "चालतंय की पोरी. सुटसुटीत असतंय ते. साडीत कुठं काय सुधरतं?"

आणि ते पुन्हा वाचायला लागले. मी पिठाची परात हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांचा राग यावा असं फार वाटलं, पण कसा येणार? ते मला कधी काही म्हणालेच नव्हते. मी कधी विचारलंच नव्हतं.

जेवताना सुनेनं उत्साहानं विचारलं, "आई, तुम्ही तर पाहिलीय ना यांची पाणबुडी? आतून कशी असते?"

मी तोंड उघडणार तोच मुलगा हसत म्हणाला, "आई वरूनच परत फिरली. घाबरली ती."

"व्हय," दादा म्हणाले, "बायामाणसाचं काळीज ते."

"मीपण घाबरले असते," सून माझी बाजू घेऊन म्हणाली. मी सगळ्यांना भात वाढत राहिले.

दुपारी मुलगा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. मी एकटीच होते. मनात कितीदा घोळवलेलं ते एकदाचं बोलून टाकलं. "त्या दिवशी मला भीती वाटली नव्हती रे. मला आत यायचं होतं. फार यायचं होतं. पण मला..."

त्यानं ग्लास ओट्यावर ठेवला, जवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती प्रेमानं ठेवला! "असू दे गं आई," तो म्हणाला. "भीती वाटली तर त्यात लाज कसली?"

बाहेरून सुनेनं त्याला हाक मारली, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो निघून गेला.